पान सहा, चौकट चौथी

मिन्ना झुकर सोळा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. ती अक्षरं काढायची, मी रंग भरायची. कॉमिकच्या पानावर शाईच्या आधी अक्षर येतं, हे वाचणाऱ्यांना माहीत नसतं. पेन्सिलीचं कच्चं पान आलं की मिन्ना त्यावर फुगे आखून संवाद लिहायची आणि मगच चित्रकार शाई लावायला घ्यायचा. त्यामुळे गोष्टीत कोण कुणाचा गळा दाबणार हे तिला आधी कळायचं, आणि मेली सँडविच खाता खाता ते मला सांगून टाकायची. "फिलो, तो दातांचा डॉक्टर मरतो गं शेवटी." मी चिडायचे. तिला हसू फुटायचं.

एकोणीसशे चोपन्न साली आमचे ग्रह फिरले. अमेरिकेच्या सिनेटर मंडळींनी टेलिव्हिजनवर आमची मासिकं हातात धरून नाचवली. गावोगावच्या शाळांनी पोरांकडची मासिकं गोळा करून मैदानात जाळली. सरकार कायदा करेल या भीतीनं मग प्रकाशकांनीच हातपाय गाळले. आपणच आपल्या तोंडाला कुलूप घालू, म्हणाले. सगळ्यांनी मिळून एक कार्यालय काढलं, नियम छापले आणि पानं तपासायला पाच बायका बसवल्या. पास झालं तर मुखपृष्ठावर शिक्का. शिक्का नसला की वितरक गठ्ठ्याची दोरीही न सोडता माल परत पाठवायचे.

आमचे मालक गिटलमन पोटदुखीच्या गोळ्या चघळत हिंडायला लागले. अकरा मासिकं होती, त्यांची दोन उरली. भुताखेतांची सगळी गेली. माणसंही गेली. राहिलेल्यांत चित्रकार लाझ्लो बाराबाश होता.

लाझ्लोनं काढलेलं मढं बघून मी एकदा स्वतःच्या मांडीवर कॉफी सांडली होती, इतका त्याचा हात जिवंत. आता तो बिचारा शूर कुत्रे आणि सज्जन शेरीफ काढत होता. तरी त्याची पानं दोनदा परत आली. एकदा विधवेचा झगा फार अंगासरसा म्हणून, एकदा चोर हसतोय म्हणून. गिटलमननी मिन्नाला खोलीत बोलावून सांगितलं, "तिसऱ्यांदा याचं पान परत आलं तर मी त्याला ठेवू शकणार नाही. माझा नाइलाज आहे." लाझ्लो अठ्ठावन्न वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

आणि मिन्नाचा त्याच्यावर जीव होता. आता लपवून काय करायचंय? रोज त्याच्यासाठी राईच्या पावात अंडं घालून आणायची आणि "उरलं होतं" म्हणायची. चौदा वर्षं उरत होतं!

तिचा हात स्थिर, म्हणून दुरुस्त्या तिच्याकडे आल्या. आधी ती कार्यालयाच्या यादीत असेल तेवढंच खोडायची. मग गिटलमन म्हणाले, "यादी येण्याआधीच बघून ठेव ना." ती बघायला लागली. पिस्तूल दिसलं, काढलं. चावट चाळा दिसला, काढला. दुरुस्तीच्या पांढऱ्या रंगाखालची शाई उजेडात दिसते आणि त्या बायका पान खिडकीशी धरून बघतात, अशी कुणीतरी आवई उठवली होती. म्हणून मिन्ना रंग न लावता ब्लेडनं शाई खरवडायची. खरवडलेलं परत येत नाही. चित्रकार तिला ब्लेडबाई म्हणायला लागले.

"त्यांना काय, त्यांची नोकरीच तर वाचवतेय मी," ती मला म्हणायची आणि नखं खायची.

पंचावन्नच्या फेब्रुवारीत लाझ्लोची खाणीची गोष्ट आली. पान सहा, चौकट चौथी. खाण कोसळल्याचा निरोप दारात आलाय आणि खाणकामगाराची बायको टेबलाशी उभी आहे. हातात सुरी, पाव अर्धा कापलेला, तोंड उघडं. संवाद नाही. त्या एका चौकटीवर लाझ्लोनं तीन दिवस घालवले.

"एवढं काय त्यात?" मी त्याला विचारलं होतं.

"आमच्याकडे भाऊ गेल्याची तार आली तेव्हा आईनं पाव असाच अर्धा सोडला होता," तो म्हणाला. "तो आम्ही कुणी पुढे कापला नाही."

दोन वाजता पानं न्यायला माणूस येणार होता. सगळे जेवायला गेले होते. मिन्ना ब्लेड घेऊन बसली.

"काय करतेस?"

"सुरी आहे गं."

"पाव कापायची सुरी आहे, बये!"

"त्यांना सुरी दिसते, पाव दिसत नाही. आणि मला हे तिसरं पान परत यायला नकोय." तिनं सुरी खरवडली. मग मान तिरकी करून बघितलं. मूठ उगाच हवेत दिसत होती, कुणाला मारायला उगारल्यासारखी. तिनं मूठ काढली, मग दंडही काढला.

"मिन्ना, पुरे."

"आता ती लुळी दिसतेय. आणि तोंड बघ ना, भेदरलेलं. भेदरलेलं चालत नाही." तिनं ओठ मिटवले. ओठ मिटले तर डोळे वेडसर दिसायला लागले. डोळे काढले.

मी तिचं मनगट धरलं. तिनं हिसडा दिला. "सोड, फिलो! दीड वाजत आला!"

डोळ्यांशिवायचं तोंड ठेवता येईना. शेवटी तिनं सगळी बाईच काढली. खिडकी राहिली, भिंत, टेबल, अर्धा पाव. मिन्नानं फुंकर मारून भुगा उडवला. तिच्या कपाळावर घाम होता. "आता कुणी हात लावणार नाही," ती म्हणाली. मला तिचा रागही आला आणि कीवही.

लाझ्लो जेवून आला. कागदात गुंडाळलेली लोणच्याची काकडी त्यानं मिन्नाच्या टेबलावर ठेवली, तिला आवडते म्हणून. मग पान बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"ही कुठे गेली?"

"अहो लाझ्लो, तुम्हाला घालवलं असतं हो त्यांनी. तिसरी वेळ होती."

"कुणी सांगितलं तुला काढायला?"

"कुणी नाही. मीच..."

"कुणीच नाही," तो म्हणाला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानं कोट घातला, लेखण्या फडक्यात बांधल्या आणि गेला. मिन्ना जिन्यापर्यंत धावली. मी वरून तिच्या हाका ऐकत होते.

चार दिवस ती ना धड बसली ना धड उठली. पेन उचलायची, ठेवायची, जिन्यावर पाय वाजला की दाराकडे बघायची. पाचव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. गिटलमननी मोठ्यानं वाचलं. सगळा अंक पास, एकही दुरुस्ती नाही! त्यांनी मिन्नाची पाठ थोपटली. मग खाली हातानं लिहिलेली ओळ वाचली, "पान सहा, चौकट चौथी रिकामी वाटते. काही काढायचं राहून गेलं आहे का?"

"कळवून टाक, काही राहिलेलं नाही," गिटलमन म्हणाले आणि गोळी चघळत आत गेले.

मिन्नानं लाझ्लोला फोन लावला. तिकडे त्याच्या घरमालकिणीनं त्याला हाक मारून खाली फोनवर बोलावलं. मी शेजारीच होते, सगळं ऐकू येत होतं. तिनं ती ओळ वाचून दाखवली.

"या ना परत," ती म्हणाली. "पुन्हा काढा तिला. ते स्वतःच विचारतायत हो."

"तीन दिवस बसलो होतो मी तिच्यापाशी," तो म्हणाला. "आता मला नाही जमायचं, पोरी. तिथे कोण होतं ते तुला ठाऊक आहे. तूच सांग त्यांना." आणि फोन ठेवला.

मिन्नानं कोरा कागद घेतला. मला वाटलं, आता लिहील, आता तरी खरं लिहील. मग तिनं नेहमीसारख्या दोन रेषा आखल्या आणि त्यांच्यामध्ये, एकही अक्षर वाकडं न जाऊ देता, लिहिलं, "काही राहिलेलं नाही."

अंक निघाला. त्या चौकटीत मी भिंतीला पिवळा दिला आणि पावाला तपकिरी. रंगवायला दुसरं तिथे काही नव्हतंच.