रिबकाबाई आणि महादूचा साचा

रिबकाबाई वकील कोणताही कागद वाचण्याआधी हुंगायच्या. वकालतनामा असो नाहीतर लग्नाची पत्रिका. रोह्याच्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत शिफ्ट करता करता त्या कायदा शिकल्या, तेव्हाची ही खोड. त्या ज्यू, भाऊबंद सगळे इस्रायलला गेले. बाई वरसे गावात एकट्याच राहिल्या. "तिकडं जाऊन करू काय? माझी भांडणं सगळी इकडंच हायत," म्हणायच्या.

मी पेणची. माझी सनद त्यांच्याआधीची, इंग्रजीही बरं. तरी बाररूममध्ये त्या शिरल्या की लोक खुर्ची पुढे करत आणि माझं बोलणं अर्ध्यावर राही. माझा जळफळाट व्हायचा. लपवू कशाला?

त्यात महादूचा दावा आला. महादू पेणचा मूर्तिकार. शेजारच्या कारखानदाराने आपल्या गणपतीचा साचा चोरला, अशी त्याची तक्रार. कारखानदार माझा अशील. तो म्हणे, महादूनेच माझा उचलला. मूर्ती हुबेहूब, महादूजवळ कागद एक नाही. हरला असता तर स्वतःच्या हातचा गणपती त्याला विकता आला नसता. मी ठणकावलं, "देव सगळ्यांचा. त्याच्यावर मालकी कसली?" न्यायाधीशांनीही मान डोलावली. मी खूश!

"देव सगळ्यांचाच हाय," रिबकाबाई उठल्या, "पण बोटं महादूची ना?"

शाडू वाळताना आक्रसतो, मूर्ती साच्याहून लहान होते, यावरचं संशोधन त्यांनी जोडलं होतं. मी हरकत घेतली, कॉपीराइटच्या कायद्यात माती कुठून आली? त्या म्हणाल्या, "कायदा विचारतो, मूळ कोणाचं. ते मातीला ठाऊक हाय. तिलाच विचारू."

महादूच्या साच्यातून काढून वाळवलेली मूर्ती त्यांनी माझ्या अशिलाच्या साच्यात ठेवली. चपखल बसली. मग अशिलाची वाळलेली मूर्ती महादूच्या साच्यात ठेवली, तर ती आत खुळखुळायला लागली. माझ्या दीडशहाण्याने महादूची वाळलेली मूर्ती आणून तिच्यावरून साचा काढला होता. जन्म मातीत गेला आणि माती आक्रसते हेच विसरला!

निकालात त्या मातीवर पानंच्या पानं आली. कॉलेजात व्याख्यानाला बोलावणं कोणाला? रिबकाबाईंना. बाहेर मला म्हणाल्या, "काय गो, रागावलीस? चल, वडा खाऊ." वडा खाल्ला. पैसे त्यांनीच दिले, त्याचाही राग आला.

मी हट्टाला पेटले. विज्ञानाची पुस्तकं आणली, लेकीकडून शिकवणी घेतली. पुढे गागोद्याच्या एका शेतकऱ्याचा दावा माझ्याकडे आला. त्याने निवडून निवडून जपलेलं भाताचं वाण एक बियाणेवाला स्वतःच्या नावाने विकत होता. बियाणेवाल्याच्या वकील कोण, तर रिबकाबाई! मी दाण्यांची वाणचाचणी करून घेतली. दोन्ही वाणं एकच निघाली. म्हटलं, आता ये बाई समोर.

तारखेच्या आधीच त्या गेल्या. झोपेत, वरसे गावात. समोर त्यांच्या जागी एक नवखा वकील उभा राहिला. मी चाचणी मांडली, कायदा मांडला, त्याला बोलायला जागा ठेवली नाही. निकाल आमच्या बाजूने लागला.

बाहेर शेतकऱ्याने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ताई, काय लढलात! अगदी रिबकाबाईच उभ्या हायत असं वाटलं."

जन्मात एकदा जिंकले, तेही तिच्या नावावर जमा झालं.