हनोईचा राहुकाळ

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची रंजनी ऐन उमेदीची सगळी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत आली. आमच्याकडे पाटाचं पाणी जसं संथ, न सांडता जातं, तशी इंग्रजी तिच्या तोंडून वाहायची. तरी परदेशातल्या शाळा तिचा पासपोर्ट बघत आणि गप्प होत. त्यांना इंग्रजांच्या नाहीतर अमेरिकनांच्या देशातली माणसं हवी असत. शेवटी हनोईच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं. एजंटानं बजावलं, "मातृभाषा विचारली तर इंग्लिश सांगा मॅडम, नाहीतर हेही जाईल."

मुलाखत ऑनलाइन, मंगळवारी चेन्नईच्या वेळेनं दुपारी तीनला. रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे वडील व्यंकोजीराव, मूळचे तंजावरचे मराठी, पंचांग घेऊन बसले.

"ऐयो, तीनला राहुकाळ लागतो, कण्णा. थोडं अलीकडे घ्यायला सांग."

"अलीकडे घेतलं तर हनोईचा राहुकाळ चालू असतो, अप्पा. तिथलं घड्याळ दीड तास पुढे, तिथला संपतो तेव्हाच इथला लागतो."

व्यंकोजीराव चक्रावले. नोकरी तिकडची, लेक इकडची. सूर्योदय कुठला धरायचा? मग त्यांनी घरातली नेहमीची तोड काढली. काम आधीच सुरू करून ठेवायचं, म्हणजे राहू मधे येत नाही. तीन वाजायच्या आतच त्यांनी लॅपटॉपवर लिंक उघडायला लावली. पडदा काळाच होता, कोणी ऐकत नाही अशा समजुतीनं बापलेकीची जुंपली.

"इंग्लिश मातृभाषा सांगणार? मग तंजावरहून आणलेली मराठी कोणाची, शेजाऱ्यांची?"

"हळू, अप्पा! नोकरी जाईल."

"जाऊ दे, पोगट्टुम!"

तेवढ्यात पडद्यावर एक बाई हसताना दिसली. हनोईच्या मुख्याध्यापिका, लिएनबाई. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे.

"हे भांडण कुठल्या भाषेत चाललं होतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

रंजनी लॅपटॉपजवळ सरकली. एजंटाचं उत्तर जिभेवर होतं, पण शेजारी अप्पा होते.

"घरात मराठी," ती म्हणाली. "पण तिच्यात निम्मं तमिळ. शिकवते इंग्रजी. यातली माझी कुठली, ते मलाच नीट सांगता येत नाही."

"इंग्रजी मीही शाळेतच शिकले," लिएनबाई म्हणाल्या. "आमच्या पालकांना परदेशी शिक्षक हवा असतो. परदेशी तर तुम्ही आहातच! एक सत्र येऊन बघा. पण त्यांनी विचारलं, ही इंग्रजी कुठली, तर काय सांगू?"

नोकरी मिळाली की चौकशीच अजून चालू आहे, हे रंजनीला कळेना. तिनं अप्पांकडे पाहिलं.

"मांबलमची," व्यंकोजीराव ठसक्यात म्हणाले.

लिएनबाईंनी स्पेलिंग विचारून ते लिहून घेतलं.