एकाच होडीतले सगळे

"कान धरा टीचर. आधी तुम्ही धरा, म्हणजे ती पण धरेल."

शेट हसत हसत म्हणाले. सातवीचा वर्ग, पोरं गच्च भरलेली, दारात प्रिन्सिपल बाई. आणि मी धरले. बोटांना खडू तसाच. चौतीस वर्षांची बाई मी, बीएड झालेली, माझ्याच फळ्यापुढे कान धरून उभी. कोणी हसलं नाही. हसली असती पोरं तर परवडलं असतं.

झालं होतं असं. मालवणजवळच्या एका इंग्रजी शाळेत मी तासांवर शिकवायचे. तासांवर म्हणजे आज आहे, उद्या नको म्हटलं की नाही. त्या दिवशी इंग्रजी वाक्प्रचार घेत होते आणि संस्थेचे अध्यक्ष तास बघायला येऊन बसले. बंदरात त्यांचे ट्रॉलर आहेत, अख्खा गाव त्यांना शेट म्हणतो. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम, ते शिकवून झालं. मग मी फळ्यावर लिहिलं 'इन द सेम बोट'. अर्थ सांगितला, सगळ्यांवर सारखंच संकट, सगळे सारखेच अडकलेले. शेटना भारी आवडलं. उठून म्हणाले, बघा मुलांनो, ही शाळासुद्धा एक होडीच. मी, तुम्ही, तुमच्या टीचर, आपण सगळे एकाच होडीत. मग मी विचारलं, कोण आणखी उदाहरण देईल?

तिसऱ्या बाकावरची पोरगी उठली. बाप शेटच्याच ट्रॉलरवर खलाशी. हिला सरकारी नियमाने फुकट जागा मिळालेली, एरवी तोंडातून शब्द नाही. इंग्रजीत सुरुवात केली, अडली, आणि सरळ मालवणीत बोलली.

"टीचर, ह्यां खरां नाय. मालक होडयेत नसताच. होडी बुडली तर माझो बापूस बुडतलो, शेट नाय."

उद्धटपणा नव्हता हो तो. मी उदाहरण मागितलं, तिने दिलं. खलाशाच्या घरचं पोर होडी म्हटली की आधी हेच बघतं, आत कोण आणि किनाऱ्यावर कोण.

शेटनी मला विचारलं, हेच शिकवता काय? आणि मग ते कान.

कान धरल्या धरल्या मला माझा बाप आठवला. तोही दुसऱ्याच्याच होडीवर. मी नऊ वर्षांची असताना वादळात ती होडी फुटली. एका प्लास्टिकच्या कॅनला धरून रात्र काढली त्याने आणि सकाळी तारकर्लीच्या वाळूत येऊन पडला. आम्ही धावत गेलो, तर मालक आमच्या आधी पोचलेला. त्याने बापाला पहिलं काय विचारलं? "जाळी खंय?" जाळी कुठे गेली म्हणून! आणि बापाने हात जोडले. चूक झाली म्हणाला. वादळाची माफी माझ्या बापाने मागितली! तेव्हाच ठरवलं होतं, शिकायचं, कोणापुढे हात जोडायचे नाहीत. शिकले. हात नाही जोडले. कान धरले.

पोरगी पुढे आली. शेटकडे तिने बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि कान धरले. शेटना घाबरून नाही, मी धरले म्हणून. ते पाप माझं.

दुपारच्या सुट्टीत प्रिन्सिपल बाईंनी बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मुलगी उर्मट, इतरांना बिघडवते, पालकांना समजावून शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. खाली तास घेणाऱ्या टीचरच्या सहीला मोकळी जागा.

"कर गो बाये सही," त्या हळूच म्हणाल्या. "नायतर तुझां पण गेलां."

खोटं कशाला सांगू, पेन हातात घेतलं. ह्या तालुक्यात एका संस्थेने काढली तर दुसरी घेत नाही, सगळे एकमेकांचे सोयरे. तरी मी तो मजकूर आडवा खोडला. खाली लिहिलं, मुलीचं उदाहरण बरोबर आहे, पैकीच्या पैकी. पूर्ण नावानिशी सही केली.

काय उपयोग झाला त्याचा? कपाळ! दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात माझे तास नव्हते. नवीन कागदावर दुसऱ्या टीचरने सही केली. आठवड्याच्या आत पोरीच्या हातात दाखला.

काल संध्याकाळी तिचा बाप आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना. हात जोडले.

"बाईनू, चेडवाक माफ करा. तिच्यापायी तुमची नोकरी गेली."

मला रडू फुटलं. तेच जोडलेले हात, पंचवीस वर्षांनी, आता माझ्यासमोर. मी ते धरले आणि खाली केले. म्हटलं, तिची चूक नाही, माझी आहे. सोमवारी पोरीला घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, साक्षीला मी.

तिथे काय होईल मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच होणार नाही. शेट म्हणतील असं काही घडलंच नाही, आणि वर्गातली पोरं गप्प बसतील, कारण त्यांच्या टीचरने त्यांना तेच शिकवलंय. म्हणून सगळं सांगावं लागेल. पोरगी काय बोलली ते, आणि मी कान धरले तेसुद्धा. ते सांगायची लाज वाटते, मरणाची वाटते. पण ते लपवलं तर सगळं खरं सांगणारी पोरगी खोटी ठरते. सांगणार.