टिश्यूच्या पाकिटाचा पहारा

मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त बँक-पहारेकरी मला सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, चहाला भेटायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना त्यांचा हात खांद्यावरचा नसलेला बंदुकीचा पट्टा सावरायचा.

“इथल्या बँकेच्या दारात बंदूकच दिसत नाही,” ते म्हणायचे. “बंदूक दिसली पाहिजे. न दिसणाऱ्या बंदुकीला चोर कशाला घाबरेल?”

“दिसत नाही म्हणूनच जास्त घाबरेल, काका,” मी म्हणायचो. “कुणाकडे आहे काय माहीत.”

“काहीतरीच.”

एकदा एका बाईनं जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि ती जेवण आणायला गेली. लोक ट्रे घेऊन ताटकळले, पण तिथं कुणी बसेना.

काका पाकिटाकडे बघत राहिले.

“जन्मभर बंदूक घेऊन बँकेच्या दारात राहिलो. जरा पाणी प्यायला उठलो, की माझ्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं असायचं.” मग हळू आवाजात म्हणाले, “तुमचंच खरं. बाईनं आत काहीतरी लपवलंय.”