करवतीच्या पलीकडची जागा

नागोजीअण्णाचं करवतीचं मशीन आणि माझे माग यांच्यामध्ये एकच भिंत आहे. वडगावात आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण अण्णाचा बँडसॉ सुरू झाला की मला तो वेगळा ऐकू येतो. खाली-वर दोन मोठी चाकं, त्यांच्यावरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, आणि समोरून अण्णा लाकूड रेटतोय. लाकूड कुठलं आहे हे मी साडी विणता विणता आवाजावरून सांगेन.

गेल्या उन्हाळ्यात अण्णाची बायको, अक्काताई, गेली आणि तो आवाज तुटक झाला. दुपारी जेवून आडवी झालेली बाई उठलीच नाही. त्यानंतर मशीन थोडं चालायचं आणि थांबायचं. खुर्चीचा पाय, पोळपाट, खिडकीची पट्टी अशी किरकोळ कामं तेवढी व्हायची. फळी चिरायचं काम अण्णानं बंदच केलं.

फळी चिरणं म्हणजे काय ते सांगते. जाड फळी कडेवर उभी धरायची आणि तिच्या जाडीतून पट्टा घालून एकीच्या दोन पातळ फळ्या करायच्या. एकानं पुढून रेटायची, दुसऱ्यानं मागून ओढून घ्यायची. पुढे अण्णा, मागे अक्काताई, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. शहरातल्या कॅम्प भागातले फर्निचरवाले बाकीची मशीनं सोडून मुद्दाम आमच्या गल्लीत टेम्पो घेऊन यायचे, कारण इथून निघालेली फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची असायची.

अण्णा माणूस वाईट नाही, पण बढाईखोर. "माझं मशीन रेषेत चालतंय. गाईड लावायची गरज न्हाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. गाईड म्हणजे पट्ट्याशेजारी टेबलावर पक्की बसवलेली उभी पट्टी. तिला फळी टेकवून रेटली की हलत नाही. बाकीचे सगळे ती लावतात. अण्णाला त्यात कमीपणा वाटायचा. मागे उभी असलेली बाई या बढाईत कुठेच नसायची, आणि मला त्याचा फार राग यायचा. मी एकदा अक्काताईला तसं म्हणाले, तर ती नुसती हसली आणि केसांतला भुसा झटकत घरात गेली.

दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. कोब्यावर उभं राहून पाय दुखतात म्हणून अक्काताई एक गोणपाट घडी करून पायाखाली घ्यायची. ते गोणपाट ती पट्ट्याच्या अगदी समोर न घालता दाराच्या अंगाला, वीतभर सरकवून घालायची. अण्णा ओरडायचा, "मधोमध उभी ऱ्हा की गं." ती म्हणायची, "मला हितंच बरं हाय." तो स्वतः जाऊन गोणपाट मध्ये सरकवायचा. दुसऱ्या दिवशी ते परत दाराच्या अंगाला. ती गेल्यावरही ते तिथेच होतं. अण्णा झाडताना त्याच्या कडेकडेनं झाडायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली निपाणीला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत. सातव्या महिन्यात तिच्या सासूचा फोन आला, अगदी मायेनं बोलली बाई. "तिकडं करायला कोण हाय? हितंच करू आमी." मी म्हणाले होते की मी करते, पण शेजारीण ती शेजारीण. अण्णा फोनवर "व्हय, बरोबर हाय तुमचं" एवढंच म्हणाला. मग बराच वेळ तो मशीनच्या टेबलावर हात टेकून उभा होता. घरात बाई नाही म्हणून मुलीला माहेर नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. 

संध्याकाळी त्यानं भिंतीला उभी ठेवलेली फणसाची फळी बाहेर काढली. ती फळी म्हणजे अक्काताईचा जीव. जांबोटीला तिच्या भावाच्या परसात फणस वाऱ्यानं पडला, तेव्हा ही एक फळी तिनं मागून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून आणली. कुणाला हात लावू द्यायची नाही. "रूपालीच्या पाळण्याला," म्हणायची. ही फळी मधून चिरून दोन पानं करायची आणि पुस्तक उघडल्यासारखी शेजारी शेजारी जोडायची, म्हणजे फणसाच्या पिवळ्या रेषा दोन्हीकडे सारख्या उमलतात. पाळण्याच्या डोक्याची बाजू तशी करायची, असं तिच्या मनात होतं.

"माहेराकडनं पाळणा तेवढा जाऊ दे," अण्णा म्हणाला. त्यात न बोललेलं असं होतं की माहेराकडून आता दुसरं काहीच जाणार नाही. फळी एकच, चीरही एकच. वाकडी गेली तर दुसरी फळी आणायला ते झाडही राहिलेलं नाही.

मी म्हणाले, "अण्णा, मागं मी ऱ्हाते उभी."

तो तयार झाला. आधी आंब्याच्या फळीवर करून बघू म्हणाला, हे शहाणपण. मी गोणपाटाला पाय न लावता, तो सांगेल तशी मधोमध उभी राहिले. फळी सरळ ओढून घेतली, अगदी मागावरचा धागा ओढावा तशी. फळी निघाली ती एका टोकाला बोटभर जाड आणि दुसऱ्या टोकाला पापडासारखी. अण्णानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मुद्दामच केलंय. दुसरी फळी घेतली, तीही तशीच. मग पट्टा बदलला, त्याचा ताण कमी-जास्त करून पाहिला, तिसरी फळीही वाकडी.

"जयाक्का, तू ओढती वाकडं," तो म्हणाला.

"मी वाकडं ओढते? तुमी म्हनला तशी सरळ ओढतीय मी. तुमचं मशीनच वाकडं चालतंय," असं म्हणून मी पदर खोचला आणि घरी आले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण मागावर बसल्यावर धागे जुळेनात. पलीकडे तो एकटा फणसाच्या फळीकडे बघत बसला असेल हे डोक्यातून जाईना.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडे ठोकाठोक चालली होती. अण्णानं गाईड करायला घेतली होती, ज्या गाईडची त्यानं आयुष्यभर चेष्टा केली तीच. सागवानाची उंच पट्टी काटकोनात जोडून त्यानं ती टेबलाच्या कडेला सरळ रेषेत बसवली. तिला टेकवून आंब्याची आणखी एक फळी चिरली. तीही वाकडी. मशीन बंद झाल्याचं ऐकलं आणि पुढे कसलाच आवाज येईना, तेव्हा मी चहा घेऊन गेले. रुसवा किती दिवस धरायचा?

तो भुशात बसला होता. चेहरा पार उतरलेला. "मशीन बिघडलं गं हिच्या माघारी," म्हणाला.

मला काय सुतारकामातलं कळतंय. पण मागावर कापड एका अंगाला सरकायला लागलं, तर ते कुठं जाऊ पाहतंय ते आम्ही आधी बघतो, मग त्याच बेतानं ताणाचा दोर लावतो. तेच मी बोलले. "त्याला कुठं जायचंय ते तरी बघा आधी."

तो उठला. एका फळीवर कडेला समांतर रेघ मारली, गाईड काढून ठेवली, आणि नुसत्या हातानं त्या रेघेवरून फळी चालवायला लागला. पट्टा रेघेवर ठेवायचा तर फळीचं हातातलं टोक हळूहळू एका अंगाला न्यावं लागत होतं. अर्ध्यावर त्यानं फळी तशीच दाबून धरली, बटण बंद केलं. चाकं थांबल्यावर फळीच्या कडेनं टेबलावर पेन्सिलीची रेघ ओढली. ती टेबलाच्या कडेशी चांगलीच तिरकी होती.

मग त्यानं ती रेघ कुठे जाते ते पाहायला लांब सरळ पट्टी तिच्यावर ठेवली. पट्टीचं टोक टेबलाच्या पलीकडे, हवेत, दाराच्या अंगाला निघालं. खाली बरोबर अक्काताईचं गोणपाट होतं.

 चहा निवला. मशीन कधीच सरळ चालत नव्हतं. ती बाई रोज, प्रत्येक फळीला, दाराच्या अंगाला ओढून ते सरळ करून घेत होती आणि त्याची बढाई तो कॅम्पभर मशीनच्या नावानं मारत होता. तिला हे ठाऊक होतं की नुसतं तिच्या हातांना ठाऊक होतं, ते मला सांगता येणार नाही. विचारायला ती नाही.

अण्णानं गाईड त्या तिरक्या रेघेवर पक्की केली. फणसाची फळी तिला टेकवली. मी मागे जाऊ का विचारलं, तर मान हलवली. पलीकडे फळीला आधार म्हणून एक स्टूल ठेवलं आणि मशीन सुरू केलं. तो इतक्या हळू रेटत होता की मला श्वास सोडवेना. फणसाचा पिवळाधमक भुसा त्याच्या हातांवर साचत होता. शेवटचं टोक पट्ट्याजवळ आलं, आता पुढून हात नेणं धोक्याचं, म्हणून तो वळसा घालून मागे गेला आणि उरलेली फळी मागून ओढायला लागला. पाय आपोआप गोणपाटावर पडले.

दोन पानं सुटी झाली. दोन्ही सारखी, कुठेही कमी-जास्त नाही. त्यानं ती टेबलावर उघडून ठेवली, रेषा समोरासमोर आल्या. मला वाटलं आता हा हसेल. पण तो गोणपाटावरच उभा होता आणि समोर बघत होता.

"जयाक्का, हितं ये जरा," तो म्हणाला. मी गेले. "मधोमध उभं ऱ्हायलं की ह्या वरच्या चाकाचा डबा आड येतोय. म्होरचं मानूस दिसत न्हाय. हितनं दिसतंय." त्यानं बोटानं स्वतःची रोजची जागा दाखवली. "मी कायम पट्ट्याकडं बघत हुतो. मान वर केली न्हाय कदी. ती हितनं मला बघत असनार."

मला रडू आलं, मी आवरलं नाही. तो मात्र कोरडाच, गोणपाटाची दुमडलेली कड पायानं सारखी करत राहिला.

पाळणा वेळेत निपाणीला गेला. मुलगी झाली. बारशाला अण्णा गेला, नातीला त्या पाळण्यात निजलेलं बघितलं आणि रूपाली राहा म्हणत असताना त्याच संध्याकाळी परत आला. ती गाईड त्यानं तिरकीच ठेवली आहे. आता चिरायची कामं परत घेतो, एकट्यानं. मी भिंतीच्या अलीकडे मागावर बसलेली असते. फळी संपत आली की रेटायचा आवाज थांबतो, मशीन रिकामं फिरत राहतं, आणि अण्णाच्या चपला वळसा घालून मागे जाताना ऐकू येतात. मग चपला काढल्याचा आवाज येतो, आणि तो गोणपाटावर उभा राहिला हे मला कळतं. फळी निघून आल्यावरही तो लगेच मशीन बंद करत नाही. तिथून समोर बघत थोडा वेळ उभा राहतो, आणि समोर कुणी नसतं.