वळणावरचा खोकला
तव्यात बांगडा पडला की तो वास मला एका जुन्या संध्याकाळकडे घेऊन जातो. नवऱ्याने हौसेने बदल केलेली आमची जीप घराखालच्या चढाच्या वळणावर हमखास खोकायची, आणि तो खोकला ऐकून मी चुलीवर तवा ठेवायची. त्या दिवशी त्याने रत्नागिरीला जाऊन इंजिनाच्या ट्यूनिंगचं नवं सॉफ्टवेअर घालून घेतलं. मावळतीला आंब्यांच्या सावल्यांतून काहीतरी मऊ गुरगुरत, तरंगत आल्यासारखं अंगणात आलं. "काय गो, तवा थंड?" "मला वाटलं, परक्या कुणाची गाडी." तो हिरमुसला. पुढच्या आठवड्यात जाऊन त्याने जुनी सेटिंग एका बटणावर बसवून आणली. आजही जीप सगळा चढ गुपचूप चढते, फक्त आमच्या वळणावर तो बटण दाबतो, ती एकदा खोकते, आणि मी तव्यावर तेल सोडते.