बसण्यापुरती बिडी

ही वही माझ्या मुलाची. त्याची शाळा कधीच सुटली, मागची पानं कोरी राहिली होती. त्यांवर आधी मी नुसत्या रेघा ओढल्या, आता अक्षरं काढते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावरच. कोणाला दाखवायची नाही. चार माणसांत मला बोलायला जमत नाही, आणि आत ठेवायचंही आता जमत नाही, म्हणून लिहिते.

रेघा ओढायचं काम कोरीटवालीने मला दिलं. ती कोरीट गावची, आम्हा तिघींत मोठी, मी तिला आक्का म्हणते. तिसरी म्हसावदवाली, माझ्या मुलीच्या वयाची. तिघी एकाच रिक्षाने मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला जातो. तिघींनी एकाच दिवशी बिडी सोडली. बिडीशिवाय दिवस गेला की एक रेघ. रेघ ओढायला शाळा लागत नाही, पण आक्का म्हणाली, वही तुझ्याकडेच शोभते.

बिडी मला लहानपणी लागली. वडील ओट्यावर बसायचे आणि मला चुलीवरून बिडी पेटवून आणायला सांगायचे. वाटेत विझली तर परत जावं लागे, म्हणून एक झुरका मारायचा. असा एकेक झुरका मारत मी मोठी झाले. लग्नानंतर लपूनछपून, आणि पथारीवर आल्यावर उघड. पथारीवर लाल मिरची पार कुंपणापर्यंत पसरलेली असते. दिवसभर वाकून ती खालीवर करायची, पांढरी पडलेली बाजूला काढायची. तिथे सगळ्याच बाया खोकतात. माझा खोकला बिडीचा की मिरचीचा, हे मीही कधी विचारलं नाही.

मग एकदा पथारीवर तपासणीला डॉक्टरीणबाई आली. माझ्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. किती वर्षं ओढता, असं तिने विचारलं. माझ्याआधी आक्कानेच सांगितलं, लगीन व्हयनं त्याना आगोदरपासून. बाई म्हणाली, आत्ता थांबलात तर आहे तेवढा श्वास टिकेल. नाही तर पुढे अंगणात जायलाही दम लागेल.

मला माझी आई आठवली. तिचे शेवटचे दोन हिवाळे खाटेवर बसून गेले. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून मांडीवर गोधडीचं गाठोडं घेऊन त्यावर डोकं टेकून झोपायची. मी आता पोचत आले आहे त्या वयाला.

त्याच दिवशी परत येताना आक्का म्हणाली, "चला, सोडी देऊत. एकटीनं व्हस नही, तिघी मिळीसन व्हई."

तेव्हापासून रोज सकाळी रिक्षात बसलं की पहिला सवाल ठरलेला. "पिनी का व?"

"नही पिनी."

"हात दे." आक्का बोटांचा वास घ्यायची. बिडीचा वास बोटांना राहतो. संध्याकाळी उपयोग नाही, तेव्हा सगळ्या बोटांना मिरचीच. म्हणून सकाळी.

म्हसावदवालीचे हाल जास्त. "माय व, मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं. घरमा सासू पिस, सासरा पिस, मी का नुसता धूर गिळू?"

"गिळ. तोंडमा ओवा टाक आनि गिळ. बिडीबिगर कोनी मरस नही. बिडी पिसन मरतस."

ओव्याची पुडी आक्काच्या कमरेला असायची. तल्लफ आली की ती लांबूनही ओळखायची आणि चिमूटभर आणून हातावर ठेवायची. मला ते बरं वाटायचं.

पण एक गोष्ट आम्ही आधी हिशेबात धरलीच नव्हती. पथारीवर विस्तव चालत नाही. बारदान आणि वाळलेली मिरची, एक ठिणगी पुरे. म्हणून बिडीवाल्या बायांना सकाळी एकदा आणि दुपारी एकदा कुंपणाच्या तारेबाहेरच्या कडुनिंबाखाली जायला मिळतं. बिडी संपेपर्यंत बसायचं, मग परत. ज्या पीत नाहीत त्यांना जेवणाची सुट्टी तेवढीच. आम्ही सोडली तेव्हा मुकादम हसून म्हणाला, "बरं व्हयनं. तीन बाया वाढी गयात मन्ह्या." त्याने काही बंद केलं नाही. आम्हालाच उठायला कारण उरलं नाही. बाकीच्या झाडाखाली जायच्या आणि आम्ही वाकलेल्याच राहायचो.

बिडीची तल्लफ चार-पाच दिवसांत जरा सैल झाली. कंबर सैल होईना.

अकराव्या दिवशी अंगात कणकण होती. आक्का आणि म्हसावदवालीला पोती भरायला पलीकडच्या शेडमध्ये पाठवलं होतं. दुपारी बिडीवाल्या उठल्या आणि त्यांच्याबरोबर मीही उठले. कशी उठले ते कळलं नाही. मुकादम तारेजवळ उभा होता.

"तू तं सोडी दिनी ना व?"

मी एवढी न बोलणारी, पण लगेच म्हणाले, "नही सोडी."

"मंग ले," म्हणून त्याने आपल्या बंडलातली एक काढून दिली. माणूस वाईट नाही तो. पेटवूनही दिली. समोर उभा होता, मग ओढावीच लागली. चव काही लागली नाही, खोकला आला. पण खोडाला पाठ टेकली आणि पाय लांब केले. ती बिडी मी जितकी हळू पिता येईल तितकी हळू प्यायले.

घरी येऊन हात राखेने घासले आणि वहीत अकरावी रेघ ओढली.

सकाळी आक्काने माझा हात मागितलाच नाही. म्हसावदवालीला म्हणाली, "हाई देख. बोलस नही, पन पक्की शे. इन्हापासून शिक." मी बाहेर पाहत राहिले. ज्वारीची शेतं मागे जात होती. त्या दिवशी बिडी प्यायले नाही, तरी बारावी रेघ ओढताना हात जड झाला. तेराव्यालाही तसंच. एक रेघ खोटी असली की पुढच्या खऱ्याही तिच्यावरच उभ्या राहतात.

चौदाव्या दिवशी सकाळी म्हसावदवाली माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "काल सासरानी बिडी हातमा लिधी व्हती मी. तुन्हं तोंड याद उनं, ठेवी दिनी."

मग माझ्याने राहवलं नाही. "मी पिनी," मी म्हणाले. रिक्षाचा आवाज मोठा, दोघींना ऐकू आलं नाही. परत म्हणावं लागलं. "मी पिनी. तीन दिन व्हयनात."

म्हसावदवालीने हात काढून घेतला. पथारी दिसायला लागली तेव्हा आक्काने विचारलं, "तुले बिडी पाहिजे व्हती, का बठानं पाहिजे व्हतं?"

एवढं सोपं, पण मला तोवर सुचलं नव्हतं. "बठानं," मी म्हणाले. नुसतं बसायचं होतं मला. आणि मला रडू आलं.

"मंग आपन बिडी सोडी, ते बठानं काब्र सोडं?"

त्या दुपारी आक्का पुढे, आम्ही दोघी मागे, अशा तारेबाहेर गेलो. बिडीवाल्यांपासून जरा लांब, झाडाच्या दुसऱ्या अंगाला बसलो. मुकादम आलाच. "बिडी नही, ते आठे काय करी ऱ्हायनात?"

"बिडी सोडी मुकादम, गुडघा नही सोडात," आक्का म्हणाली.

पलीकडच्या बाया हसल्या. मुकादमही जरा हसला. "उद्या म्हनशात चहा बी पाहिजे."

"आना ना मंग," म्हसावदवाली म्हणाली.

चहा काही आला नाही. त्याने हाकललंही नाही. पण रोज येऊन पाहून जातो, आणि किती दिवस बसू देईल ते सांगता येत नाही. हंगामाचा जोर वाढला की बहुतेक नाही देणार.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या तीन रेघा खोडल्या. सगळ्याच खोडायला निघाले होते, पण परत येताना रिक्षात आक्का म्हणाली होती, आधीच्या दहा खऱ्या आहेत, त्यांना हात लावू नको. म्हणून आता अकरावीपासून पुन्हा चालू. सकाळी ती माझीही बोटं हुंगते, आणि मी ती न मागताच पुढे करते.

थकवा गेला नाही. घराकडच्या चढावर अजून दोनदा थांबते. आज दुपारी वारा फिरला आणि पलीकडचा धूर सरळ आमच्या तोंडावर आला. माझं नाक आपोआप वर झालं, म्हसावदवालीचंही झालेलं मी पाहिलं. आक्काने ओव्याची पुडी सोडली, पहिली चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली, मग आमच्या हातावर ठेवली. आम्ही जरा सरकून बसलो. मुकादमाची हाक येईपर्यंत बसलो.